भाड्यासाठी सदनिका घेताना
पुण्यात ६० लाखांची सदनिका दरमहा १८,००० रुपये भाड्याने गेली, तर परतावा ३.६ टक्के दिसतो. मात्र दरमहा ३,००० रुपये देखभाल खर्च आणि वर्षातून एक महिना घर रिकामे राहणे धरले, तर तो २.७ टक्क्यांवर येतो, आणि यात मालमत्ता कर अजून धरलेलाच नाही. जुन्या इमारतीतील स्वस्त घराची टक्केवारी अधिक आकर्षक वाटते, पण गच्चीची गळती आणि गंजलेले पाइप ती गिळून टाकतात. म्हणून असे घर शक्यतो भर पावसाळ्यात, वरच्या मजल्यावरील रहिवाशांशी बोलून पाहावे. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहण्यायोग्य असल्याचा स्थानिक प्रशासनाचा दाखला नसेल, तर किंमत कितीही उतरली तरी व्यवहार टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. महाराष्ट्रात सोसायटीला बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो तेव्हा त्याच्याकडून घेतले जाणारे शुल्क, सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक आकारता येत नाही.