जंक्शनवरील सिग्नल आणि रुळांतील बदलांची नोंद

दौंडसारख्या जंक्शनवर नवा सिग्नल उभारला किंवा लूप लाइन (मुख्य मार्गातून फुटून पुन्हा त्यालाच मिळणारा बाजूचा रूळ) लांबवली, की ‘केबिनच्या (सिग्नल चालवण्याच्या इमारतीच्या) अलीकडे’ अशी वहीत केलेली नोंद पुढे निरुपयोगी ठरते, कारण कालांतराने ती केबिनच पाडली जाते.

१. जागा नोंदवताना ओव्हरहेड वायरच्या खांबावरील पाटी वाचावी. तिच्यावर किलोमीटर आणि त्या किलोमीटरमधील खांबाचा क्रमांक असतो. सिग्नलच्या खांबावरील त्याचा स्वतःचा क्रमांकही सोबत लिहावा.

२. नव्या सिग्नलवर दोन पट्ट्यांची फुली असेल, तर तो अद्याप वापरात नाही. फुली शेवटची दिसली ती तारीख आणि ती नसल्याचे प्रथम लक्षात आले ती तारीख, अशा दोन्ही लिहिल्यास सिग्नल केव्हा सुरू झाला हे पुष्कळसे नेमके ठरवता येते. माझ्या मते संपूर्ण वहीतील सर्वांत मोलाची नोंद हीच असते.

३. छायाचित्र दर वेळी पादचारी पुलाच्या त्याच कठड्यापासून घ्यावे.

रूळ सरकवताना खांबही बदलतात, म्हणून जुन्या पाटीचे छायाचित्र जपून ठेवावे. मात्र पाटी वाचता येत नाही म्हणून रुळांत कधीही उतरू नये. फलाटावरून किंवा गाडीच्या खिडकीतून दिसेल तेवढेच टिपावे.