विमानाच्या रबरात यायचंय? कुकरच्या रिंगेपासून सुरुवात करा

मी चोपड्याकडचा, केळीवाल्या घरातला. जळगावला विद्यापीठाच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत प्लास्टिक शिकत होतो, तेव्हा घरच्यांच्या लेखी पॉलिमर म्हणजे ठिबकची नळी. विमानांच्या रबरी सीलच्या कामाला मी नंतर लागलो. या कामात येऊ बघणारी आपल्याकडची पोरं हमखास एकच विचारतात, 'किती डिग्री सोसतं?'

कुकरची जुनी रिंग हातात घेऊन बघा. ती जळालेली नसते, वितळलेली नसते. कडक होऊन दाबल्या जागीच बसलेली असते, म्हणून वाफ सुटते. विमानातली सीलही बऱ्याचदा अशीच जातात. म्हणून आमच्याकडे कॉम्प्रेशन सेटच्या, म्हणजे दाबलेलं रबर किती परत येत नाही त्याच्या, टेस्टला फार मान. १२.५ मिमी जाडीची रबराची गोळी दोन धातूच्या पट्ट्यांमध्ये ९.५ मिमीपर्यंत दाबायची, ७० तास २०० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवायची, मग सोडवून अर्ध्या तासाने मोजायची. ११.९ भरली, तर दाबलेल्या ३ मिमीपैकी ०.६ परत आलं नाही. सेट २० टक्के. माझी पहिली गोळी मी पट्ट्यांमध्येच थंड होऊ दिली. सेट भलताच आला आणि आठवडाभर मी कंपाउंडमध्ये, म्हणजे रबराच्या मिश्रणात, खोट शोधत राहिलो. गोळी गरम असतानाच सोडवायची असते.

दुसरा प्रश्न तेलाचा. सिलिकॉन रबराच्या साखळीतला सिलिकॉन-ऑक्सिजन बंध कार्बन-कार्बनपेक्षा मजबूत, म्हणून ते २०० अंशांनाही मऊ राहतं. पण पेट्रोल-रॉकेलसारख्या इंधनात फुगतं. इंधनाजवळ फ्लुरोसिलिकॉन (फ्लोरिन असलेलं सिलिकॉन रबर), गरम इंजिन ऑइलला एफकेएम (फ्लोरिनयुक्त कार्बन रबर). प्रवासी विमानांच्या फॉस्फेट एस्टर हायड्रॉलिक तेलात मात्र नेहमीचं एफकेएम टिकत नाही, तिथे ईपीडीएम (इथिलीन-प्रोपिलीनचं रबर). हेच ईपीडीएम इंजिन ऑइलमध्ये फुगतं! हा तक्ता पाठ असू द्या, मुलाखतीत कामी येतो.

आणि थंडी. भुसावळच्या उन्हाळ्यात वाढलेल्याला तिची भीती सुचत नाही, मलाही सुचली नव्हती. २८ जानेवारी १९८६ला अमेरिकेचं चॅलेंजर अंतराळयान कोसळलं, त्याच्या बूस्टर रॉकेटच्या सांध्यांतल्या ओ-रिंग (गोल रबरी सील) एफकेएमच्याच होत्या. उड्डाणाच्या वेळी तापमान जेमतेम २ अंश होतं. दाब बदलला तेव्हा रिंग वेळेत उसळून फट भरू शकली नाही. सात माणसं गेली. ही गोष्ट मी प्रत्येक नव्या मुलाला सांगतो.

पुढे शिकायचं असेल तर एम.टेक.साठीच्या गेट परीक्षेच्या एक्सई (अभियांत्रिकी विज्ञान) पेपरात पॉलिमरचा विभाग आहे, आणि आयआयटी खरगपूरला रबर तंत्रज्ञानाचं स्वतंत्र केंद्र आहे. नोकरी लागली की पहिले काही महिने टू-रोल मिलवर, म्हणजे दोन रोलांमध्ये रबर मळणाऱ्या यंत्रावर, मागून घ्या. रोलवर कंपाउंड नीट पट्टा धरतंय की तुटतंय, हे तिथे उभं राहूनच कळतं.