ब्रिटनमधली मोठी लढत पैसे मोजून बघण्याआधी

मी मँचेस्टरमध्ये नर्स आहे आणि बॉक्सिंग मनापासून बघते. मोठी लढत जवळ आली की वॉर्डातल्या मुली विचारतात, "ताई, ही घ्यायची का?" घ्यायची म्हणजे टीव्हीवर वेगळे 20-25 पौंड भरून बघायची. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे.

पोस्टर, पत्रकार परिषदेतली ढकलाढकली, नजरेला नजर भिडवलेले फोटो हे सगळं आधी बाजूला ठेवा. एकच प्रश्न विचारा: या लढतीत कोण काय पणाला लावतो आहे? दोघांकडे गमावण्यासारखं काही असेल तर पैसे भरा. एकाकडेच असेल तर दुसऱ्या दिवशी क्षणचित्रं बघितली तरी चालेल.

हे ओळखायला छोट्या सभागृहातलं अर्थकारण कळावं लागतं. लंडनच्या बेथनल ग्रीनमधल्या यॉर्क हॉलसारख्या ठिकाणी नवा मुलगा 'होम कॉर्नर'मधून, म्हणजे घरच्या बाजूने उतरतो. त्याची कमाई त्याने स्वतः विकलेल्या तिकिटांवर असते आणि समोरच्याचं मानधनही त्यातूनच निघतं. आमच्या एका सहकाऱ्याचा भाचा व्यावसायिक झाला तेव्हा अख्ख्या वॉर्डाने त्याच्याकडून तिकिटं घेतली होती. सरावाच्या ऐन आठवड्यात तो पोरगा रात्री दहा वाजता फोनवर पैशांचा हिशेब करत बसायचा. असा तिकिटं खपवणारा मुलगा हरला की त्याच्याबरोबर तिकिटंही जातात, म्हणून प्रमोटर, म्हणजे लढती भरवणारा, त्याच्यासमोर बहुधा सुरक्षित माणूस उभा करतो. 'अवे कॉर्नर'मधल्या या माणसाला इथे जर्नीमन म्हणतात. बर्मिंगहॅमचा पीटर बकली 300 लढती लढला आणि 256 हरला. 2008 मधली शेवटची लढत मात्र त्याने जिंकली. अशा माणसाला टाकाऊ समजू नका. समोरच्याचे हात कसे अडकवून ठेवायचे, दमलेल्या मुलाला कसं धरायचं, स्वतःला इजा न होऊ देता पुढच्या शनिवारी परत कसं उभं राहायचं, हे नवी पोरं त्याच्याकडूनच शिकतात.

तेव्हा कुणाचा '15 लढती, 15 विजय' असा आकडा दिसला की आधी हरलेल्यांची नावं वाचा. त्या पंधरांपैकी किती जण जिंकण्याच्या तयारीने आले होते, ते बघा.

गंमत म्हणजे पराभवाची ही भीती प्रमोटरला जितकी आहे तितकी इथल्या प्रेक्षकाला नाही. फ्रँक ब्रुनो जागतिक किताबासाठी तीनदा लढून तीनदा हरला. 1995 मध्ये वेम्बलीला ऑलिव्हर मॅकॉलला हरवून त्याने तो मिळवला तेव्हा सगळा देश आनंदला. लेनॉक्स लुईस त्याच्यापेक्षा कितीतरी थोर बॉक्सर. पण जन्म लंडनचा असला तरी तो कॅनडात वाढला आणि ऑलिंपिक सुवर्णही त्याने कॅनडासाठी जिंकलं. ब्रुनोला मिळालं तसं प्रेम त्याच्या वाट्याला कधी आलं नाही. हा अन्याय आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि आमचा मँचेस्टरचा बॉक्सर रिकी हॅटन! 2005 मध्ये कॉस्त्या झ्यूला त्याने इथेच हरवलं. अमेरिकी टीव्हीच्या वेळेसाठी लढत रात्री दोनच्या सुमारास सुरू झाली, तरी सभागृह गच्च भरलेलं होतं. 2007 मध्ये अमेरिकेच्या फ्लॉइड मेवेदरशी लढायला तो लास वेगासला गेला तेव्हा हजारो लोक त्याच्या मागे गेले. त्या गर्दीने अमेरिकेच्या राष्ट्रगीताची हुर्यो उडवली, ते मला अजिबात आवडलं नाही. हॅटन हरला, तरी गाणी थांबली नाहीत. 2012 मध्ये तो परत लढणार असं ठरलं आणि समोर कोण हे जाहीर होण्याआधीच तिकिटं संपली. 2025 मध्ये तो गेला तेव्हा हे सगळं परत डोळ्यांपुढे आलं.

प्रेक्षकांची हुर्यो मात्र कायमची समजू नका. नोव्हेंबर 2013 मध्ये मँचेस्टरला कार्ल फ्रॉचविरुद्ध जॉर्ज ग्रोव्ह्ज उतरला तेव्हा लोकांनी त्याची हुर्यो उडवली. त्याने पहिल्याच फेरीत फ्रॉचला खाली पाडलं. नवव्या फेरीत रेफरीने लढत थांबवून फ्रॉचला विजयी ठरवलं आणि ती फार लवकर थांबवली असं लोकांना वाटलं. तेच लोक आता ग्रोव्ह्जसाठी टाळ्या वाजवत होते! मे 2014 मधली त्याच दोघांची परतीची लढत बघायला लंडनच्या वेम्बलीत 80,000 लोक आले, आणि आठव्या फेरीतल्या एका उजव्या ठोशाने फ्रॉचने ती संपवली. ब्रिटिश प्रेक्षक कसा असतो हे समजून घ्यायचं तर या दोन लढती ओळीने बघा.

मग वेळ बघा. अमीर खान आणि केल ब्रूक यांची लढत कित्येक वर्षं नुसती बोलण्यात होती. झाली फेब्रुवारी 2022 मध्ये, दोघंही 35 वर्षांचे झाल्यावर. सभागृह भरलं, सहाव्या फेरीत ब्रूक जिंकला, पण तोवर दोघांचा बहर ओसरला होता. टायसन फ्युरी आणि अँथनी जोशुआ या दोन ब्रिटिश हेवीवेट बॉक्सरांची लढत 2021 मध्ये सौदी अरेबियात होणार म्हणून गाजावाजा झाला. लवादाने फ्युरीला आधी अमेरिकेच्या डिऑन्टे वाइल्डरशी लढायला लावलं आणि ती लढत बारगळली. 2022 मध्ये पुन्हा बोलणी, पुन्हा काही नाही. सह्या झाल्याशिवाय विमानाचं किंवा हॉटेलचं आरक्षण करू नका.

सह्या झाल्या की अटी वाचा. पैशाची वाटणी, परतीच्या लढतीची अट आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वजन. वजनाची मर्यादा कुणासाठी वाकवली आहे ते बघितलं की कुणाचं पारडं जड आहे ते कळतं. एप्रिल 2025 मध्ये ख्रिस युबँक ज्युनियर आणि कॉनर बेन लढले तेव्हा मर्यादा 160 पौंडांची होती, शिवाय लढतीच्या सकाळी 170 च्या वर जायचं नाही अशीही अट होती. युबँक 0.05 पौंडाने जास्त भरला आणि त्याला 3,75,000 पौंडांचा दंड झाला. तो जिंकला, पण नंतर त्याला रुग्णालयात न्यावं लागलं. शरीर सुकवून वजन उतरवणं म्हणजे काय ते मी रोज कामावर बघते, म्हणून अशा अटींचा मला राग येतो. हीच लढत आधी ऑक्टोबर 2022 मध्ये व्हायची होती. बेनच्या चाचणीत क्लोमिफिन हे बंदी असलेलं औषध सापडल्याचं उघड झालं, इथल्या बॉक्सिंगवर देखरेख करणाऱ्या बोर्डाने मनाई केली, तरी आयोजक शेवटच्या दिवसांपर्यंत ती रेटत होते. बेनने जाणूनबुजून काही घेतल्याचं कायम नाकारलं आणि 2024 मध्ये त्याचं निलंबन उठलं. आयोजकांचं ते रेटणं मात्र मला पटलं नाही.

लढत सुरू झाली की टीव्हीचा आवाज बंद करा. समालोचक अनेकदा घरच्या बॉक्सरचे ठोसे आधी मोजतो. कागदावर फेरीगणिक गुण लिहा: जिंकणाऱ्याला 10, हरणाऱ्याला 9, खाली पडला तर बहुधा 8. 2022 मध्ये ग्लासगोला स्कॉटलंडच्याच जॉश टेलरला जॅक कॅटरलविरुद्ध विजय दिला गेला, तेव्हा घरी बसून गुण लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या कागदावर कॅटरल पुढे होता. छोट्या कार्यक्रमांत तर रेफरी एकटाच गुण देतो आणि शेवटी हात वर करतो.

आणि "थांबवू नका, लढू द्या" असं ओरडू नका. 21 सप्टेंबर 1991 ला लंडनच्या व्हाइट हार्ट लेनवर मायकल वॉटसन युबँक सीनियरशी, म्हणजे ज्युनियरच्या वडिलांशी, लढताना कोसळला. रिंगजवळ योग्य उपचारांची सोय नव्हती आणि मेंदूच्या दुखापतीने त्याचं आयुष्य बदललं. त्याने बोर्डाविरुद्ध खटला जिंकला. आज रिंगजवळ डॉक्टर आणि रुग्णवाहिका दिसते त्यामागे त्याचा मोठा वाटा आहे. रेफरीने एक ठोसा आधी थांबवलं तर मी टाळ्या वाजवते.

मोठ्या लढतीवर इतके पैसे घालण्याआधी एकदा छोट्या सभागृहात जा. तिकीट बॉक्सरकडूनच घ्या, त्याचा वाटा त्याला मिळतो. संध्याकाळी लवकर पोहोचा, कारण पहिल्या लढती रिकाम्या खुर्च्यांपुढे होतात. जर्नीमन बॅग खांद्याला लावून निघाला की त्याच्याशी दोन शब्द बोला. रात्रीची शेवटची ट्राम किती वाजता आहे ते आधी बघून ठेवा, मुख्य लढत नेहमीच उशिरा सुरू होते.