डीओच्या पहिल्या वर्षात संशोधन कुठे शोधायचं?

अमेरिकेतला डीओ, म्हणजे ऑस्टिओपॅथिक मेडिसिनची पदवी घेतलेला, हा पूर्ण डॉक्टर असतो. तो औषधं लिहितो, शस्त्रक्रिया करतो आणि रेसिडेन्सीसाठी (पदवीनंतरच्या रुग्णालयातल्या प्रशिक्षणासाठी) एमडीवाल्यांच्याच रांगेत उभा राहतो. (एमडी ही तिथली नेहमीची वैद्यकीय पदवी.) (भारतातले नातेवाईक तरीही ‘म्हणजे हाडांचा डॉक्टर ना?’ असं विचारणारच.) 2020 पर्यंत दोन्ही पदव्यांच्या रेसिडेन्सी एकाच मान्यतेखाली आल्या. 2022 मध्ये कॉमलेक्स लेव्हल 1 (डीओंची परवाना परीक्षा) आणि यूएसएमएलई स्टेप 1 (एमडींची) या दोन्ही परीक्षा नुसत्या पास-नापास झाल्या. गुणांवर उठून दिसायची एक जागा गेली आणि ऑर्थोपेडिक्स किंवा त्वचारोगासारख्या चुरशीच्या शाखांवर डोळा असलेल्यांना रेसिडेन्सीच्या अर्जातला संशोधनाचा रकाना भरणं भाग पडलं. फॅमिली मेडिसिनच घ्यायचं पक्कं असेल तर नीट तडीस नेलेलं एखादं काम पुरतं. उगाच धावपळ करू नका.

खरी अडचण जागेची आहे. बऱ्याच डीओ कॉलेजांना स्वतःचं मोठं रुग्णालय नसतं. पहिली दोन वर्षं वर्गात जातात आणि तिसऱ्या वर्षी विद्यार्थी दूरदूरच्या सामुदायिक रुग्णालयांत विखुरतात. एमडी कॉलेजात लिफ्टमध्ये भेटणारा कार्डिओलॉजिस्ट इथे पन्नास मैलांवर बसलेला असतो. म्हणून कोणतंही काम हाती घेण्याआधी एकच गोष्ट विचारा: याला लागणारा डेटा कुठे आहे आणि माझ्या हातात कधी पडेल?

शोधाची सुरुवात कॉलेजातूनच करा. शरीररचना, शरीरक्रिया, औषधशास्त्र शिकवणाऱ्या पीएचडी प्राध्यापकांपैकी काहींची प्रयोगशाळा चालू असते आणि त्यांच्याकडे फारसं कुणी जात नाही. ओएमएमचा, म्हणजे हातांनी करायच्या ऑस्टिओपॅथिक उपचारांचा, विभाग तर आपल्या घरचाच. तिथले फेलो म्हणजे एक जादा वर्ष घेऊन शिकवणारे वरचे विद्यार्थी. कोणता प्राध्यापक ईमेलला उत्तर देतो आणि कोण वर्षभर मसुदा अडवून ठेवतो, हे त्यांना पाठ असतं. त्यानंतर एनआयएच (अमेरिकेची राष्ट्रीय आरोग्य संशोधन संस्था) रिपोर्टर या सरकारी संकेतस्थळावर आपल्या शहराचं नाव टाका. जवळच्या विद्यापीठांत सध्या कुणाला कशासाठी अनुदान मिळतंय ते दिसतं. ज्याचं अनुदान चालू आहे, त्याला कामाला हात हवे असतात.

ईमेल विभागप्रमुखाला पाठवू नका, तो बहुधा वाचलाच जात नाही. नवे असिस्टंट प्रोफेसर, रेसिडेन्सीनंतर पुढचं प्रशिक्षण घेणारे फेलो आणि रेसिडेंट गाठा. त्यांनाही स्वतःचे पेपर हवे असतात. मजकूर दीडशे शब्दांच्या आत ठेवा: तुम्ही कोण, त्यांच्या कोणत्या कामाबद्दल लिहिताय, आठवड्याला किती तास देऊ शकता, कधीपर्यंत मोकळे आहात आणि काय येतं. ‘मला संशोधनात रस आहे’ हे वाक्य सगळेच लिहितात. ‘मला आर (संख्याशास्त्राची संगणकभाषा) येतं, जूनपर्यंत आठवड्याला चार तास देऊ शकतो’ याला उत्तर येतं. एका वेळी पाच जणांना, प्रत्येकाला वेगळा मजकूर पाठवा आणि आठ-दहा दिवसांनी एकदाच आठवण करा. वीस ईमेलला दोन-तीन उत्तरं आली तरी ठीक चाललंय असं समजा.

पहिल्या सत्रात मात्र काहीच घेऊ नका. आधी अभ्यासाची घडी बसू द्या. कॉमलेक्समधलं नापास अधिवेशनातल्या कोणत्याही पोस्टरने झाकलं जात नाही. तोवर माणसांवरच्या संशोधनाचे नियम शिकवणारं ‘सिटी’ (CITI) हे ऑनलाइन प्रशिक्षण तेवढं उरकून ठेवा, कारण ते सगळीकडेच मागतात. पहिल्या-दुसऱ्या वर्षांमधली उन्हाळी सुट्टी ही एकमेव लांब मोकळीक. तेव्हाच्या मानधन देणाऱ्या कार्यक्रमांच्या मुदती साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारीत संपतात, एप्रिलमध्ये जाग येऊन उपयोग नाही. एफ-1 (विद्यार्थी) व्हिसावर असाल तर कॅम्पसबाहेर मानधन घेण्याआधी कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाची परवानगी घ्या. एनआयएचचे बरेच कार्यक्रम नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांपुरतेच असतात.

उन्हाळ्यात चार्ट रिव्ह्यू (रुग्णांच्या जुन्या फाइली तपासून डेटा काढणं) करायचा बेत असेल तर तयारी जानेवारीतच सुरू करा. बहुतेक बेत इथेच फसतात. बाहेरच्या रुग्णालयात तुम्ही परके असता: लसीकरणाचे पुरावे, टीबीची चाचणी, पार्श्वभूमी तपासणी आणि मग संगणकाचं लॉगिन, यात आठवडे जातात. आयआरबीचीही (संशोधनाला मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीची) मंजुरी कधी दोन ठिकाणी लागते, रुग्णालयाच्या आणि कॉलेजच्या समितीची. एकीने दुसरीवर विसंबायचा करार करायचा म्हटलं तरी त्याला वेळ लागतो. जूनमध्ये येऊन अर्ज भरला, तर मंजुरी येईपर्यंत ऑगस्ट उजाडतो आणि वर्ग सुरू होतात. डेटा गोळा करण्याआधी संख्याशास्त्रज्ञाला भेटा, नंतर नव्हे. प्रत्येक रकान्याचा अर्थ लिहून ठेवा, एका रुग्णाला एकच ओळ द्या आणि आधी दहा चार्टवर तक्ता वापरून बघा. ‘धूम्रपान’ या रकान्यात कुणी ‘हो’, कुणी ‘1’, कुणी ‘पूर्वी’ लिहिलं की तीनशे फाइली पुन्हा उघडाव्या लागतात. आणि रुग्णांची नावं स्वतःच्या लॅपटॉपवर उतरवणं हा हिपाचा, म्हणजे रुग्णांच्या गोपनीयतेच्या अमेरिकी कायद्याचा, भंग आहे. डेटा सुरक्षित साठवणारी रेडकॅपसारखी संस्थेची व्यवस्थाच वापरा.

फाइलीच मिळणार नसतील तर खुला डेटा आहे. एनहेन्स, म्हणजे अमेरिकेतल्या आरोग्य-पोषण सर्वेक्षणाचा डेटा, फुकट उतरवता येतो. मिमिक या डेटासंचातल्या बॉस्टनच्या अतिदक्षता विभागाच्या नोंदींसाठी सिटी प्रशिक्षण आणि डेटा वापराचा करार लागतो. एनहेन्समध्ये सर्वेक्षणाचे भारांक (प्रत्येक व्यक्ती किती लोकांचं प्रतिनिधित्व करते ते सांगणारे आकडे) न वापरता आकडे काढणं ही नेहमीची चूक, आणि तेवढ्यावर पेपर परत येतो. शिवाय ‘अमुकचा तमुकशी संबंध’ छापाचे लेख इतके झालेत की संपादकही कंटाळलेत. प्रश्न एखाद्या क्लिनिशियनकडून घ्या.

सिस्टिमॅटिक रिव्ह्यू (एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास शोधून एकत्र तपासणं) घरबसल्या होतो म्हणून सगळे त्यावर उड्या मारतात. पण अभ्यासांची निवड दोघांनी स्वतंत्रपणे करायची असते, नोंदणी प्रॉस्पेरो या नोंदवहीत कामाआधी करायची असते आणि प्रिझ्मा या लेखन-नियमावलीची 27 कलमं सांभाळायची असतात. शोधाची सूत्रं कॉलेजच्या ग्रंथपालाकडून बांधून घ्या. सहा महिन्यांत संपेल असं कुणी सांगितलं तर वर्ष धरा. पहिल्या कामासाठी आम्ही केस रिपोर्टच (एकाच रुग्णाची हकीकत मांडणारा लेख) सुचवू. रुग्ण रेसिडेंटचा, लेखन तुमचं. फक्त रुग्णाची लेखी संमती तो घरी जाण्याआधीच घ्या. नंतर फोन लागत नाही आणि पूर्ण लिहिलेला लेख पडून राहतो. एकाच केसचं आधी राज्य पातळीवर पोस्टर करा, ऑस्टिओपॅथीच्या ओमेड अधिवेशनाकडेही बघा आणि मग लेख पाठवा. रेसिडेन्सीच्या आकडेवारीत अॅब्स्ट्रॅक्ट, सादरीकरण आणि लेख एकत्रच मोजले जातात.

‘फक्त पैसे भरा, आठवड्यात छापू’ म्हणणाऱ्या नियतकालिकाला उत्तरही देऊ नका. लेख पबमेड या शोधस्थळावर दिसणं आणि नियतकालिक मेडलाइन या निवडक सूचीत असणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पाठवण्याआधी ग्रंथपालाला विचारा. लेखकांचा क्रम पहिल्याच बैठकीत ठरवा आणि त्याच दिवशी ईमेलने सगळ्यांना कळवा. ‘नंतर बघू’ म्हटलं की नाव आभाराच्या ओळीत जातं. अर्जात मात्र पाठवलेला लेख ‘पाठवला’ म्हणूनच लिहा, ‘प्रकाशित’ म्हणून नाही. आणि जे लिहाल त्यातला प्रत्येक तक्ता मुलाखतीत समजावून सांगता आला पाहिजे.