फोटो स्वित्झर्लंडचा, प्लॉट चिखलदऱ्याचा

माझ्याकडे येणारं गिऱ्हाईक बसायच्या आधी मोबाईल पुढे करतं. फोटो ठरलेला असतो: दगडी जोतं, लाकडी भिंती, रुंद छप्पर, जमिनीपासून आढ्यापर्यंत काच आणि मागे बर्फाचा डोंगर. मागे अमरावतीचे एक डॉक्टर सपत्नीक आले. "ताई, चिखलदऱ्याला प्लॉट घेतला. अस्संच पाहिजे." मी परतवाड्याची. बाप सुतार, मी आर्किटेक्ट, आणि घाट चढून वर घरं बांधायला लागून वीस वर्षं होत आली. मी "नाही" म्हणत नाही. फोटो ठेवून घेते आणि विचारते, तिकडच्या माणसानं ते तसं का बांधलं असेल?

आल्प्समधली जुनी घरं नीट पाहिली तर छपराचा उतार आपण समजतो तेवढा उभा नसतो. पुष्कळ ठिकाणी तो मुद्दामच कमी ठेवलेला असतो. बर्फ वर टिकून राहतं आणि गोधडीसारखं घर उबदार ठेवतं. खाली दगड आणि वर लाकूड का, तर ओल्या बर्फापासून लाकूड उंच राहावं म्हणून. दक्षिणेला मोठी काच का, तर हिवाळ्यात तिथं सूर्य दुपारीसुद्धा जेमतेम २० अंश वर येतो, तेवढं ऊन घरात घ्यायचं असतं. यातलं दगडी जोतं आपल्यालाही हवं. बर्फासाठी नाही, पावसाचे शिंतोडे आणि उधईसाठी. बाकीचा हिशेब इथं बसून नव्याने करायचा.

त्याआधी कागद. सातबारावरची जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर महसूल संहितेच्या कलम ३६अ प्रमाणे मंजुरीशिवाय ती बिगर आदिवासीच्या नावावर होत नाही, दलाल काहीही सांगो. शेजारी मेळघाट व्याघ्र प्रकल्प आहे. वनहद्द कुठून जाते ते मोजणीच्या नकाशावर पाहा, कुंपणावरून ठरवू नका. हे झालं की मग मला फोन करा.

प्लॉटवर मी पहिल्या दिवशी टेप नेत नाही, प्लास्टिकची खुर्ची नेते. सोबत चार बांबू आणि सुतळीचा गुंडा. खुर्चीत बसलेल्या माणसाचा डोळा जमिनीपासून चार फुटांच्या जरा आतच असतो, आणि घरातून दरी पाहायची ती बहुतेक वेळ बसूनच. बांबू रोवून सुतळीनं खिडकीची चौकट उभी करायची आणि मालकाला तिच्यामागे बसवायचं. सकाळी सहाला, दुपारी बाराला, संध्याकाळी चारला. डॉक्टरांच्या प्लॉटवर हे केलं तेव्हा कळलं की उभं राहून दिसणारी गाविलगडाची तटबंदी खुर्चीत बसलं की समोरच्या सालईच्या फांदीमागे जाते. नकाशावर हे कधीच दिसलं नसतं. आम्ही झाड तोडलं नाही, बैठकीची खोली सात फूट डावीकडे सरकवली आणि जोतं दीड फूट उचललं. खिडकीचा उंबरा फरशीपासून दीड फुटावर ठेवला. नेहमीच्या तीन फुटांवर ठेवला असता तर दरी कापली गेली असती आणि उरलं असतं नुसतं आभाळ.

आता ऊन. चिखलदरा १,११८ मीटरवर आहे, खाली अमरावती-अकोला भाजून निघतं तेव्हा वर बरं असतं, पण मे महिना तो मे महिनाच. आपल्याकडे २२ डिसेंबरच्या दुपारी सूर्य दक्षिणेकडे सुमारे ४५ अंशांवर असतो, २१ मार्चला ६८-६९ अंशांवर, आणि २१ जूनला अगदी डोक्यावर, किंबहुना किंचित उत्तरेला. यावरून साधा हिशेब निघतो. दक्षिणेच्या खिडकीला वरच्या कडेला लागूनच ३ फुटांचा छज्जा काढला, तर डिसेंबरच्या दुपारी सावली ३ फूट खाली येते आणि मार्चअखेरीला साडेसात फूट. म्हणजे साडेपाच फूट उंचीच्या काचेतून हिवाळ्यात खालच्या अडीच फुटांतून ऊन फरशीवर येईल, आणि एप्रिल-मेच्या दुपारी काचेवर ऊन पडणारच नाही. दरी दक्षिणेला असेल तर मोठी काच बिनघोर घ्या. उत्तरेलाही घ्या.

भांडण असतं ते पश्चिमेशी. डॉक्टरीणबाईंना सूर्यास्त हवा होता, तोही झोपायच्या खोलीतून, बारा फुटी काचेतून. उन्हाळ्यात दुपारी चारचं ऊन तिरपं येतं, त्याला छज्जा काही करू शकत नाही. दुहेरी काच लावली तरी खोली तापते, फक्त जरा उशिरा. मी पश्चिमेला आठ फूट खोल ओसरी दिली आणि आत अडीच फुटांची उभी खिडकी, तिला आतून सागवानी झडपा. सूर्यास्त ओसरीत बसून पाहायचा. आमचे मिस्त्री मोझरीचे, त्यांनी नकाशावर नजर टाकून एवढंच विचारलं, "ताई, पावसाची झड कोनाकून येते ते पाह्यलं का?" झडही तिकडूनच येते, नैऋत्य-पश्चिमेकडून. म्हणून ओसरीच्या खांबांना वरून हूक ठेवलेत. जूनमध्ये बांबूचे तट्टे टांगायचे, दसऱ्याला काढून ठेवायचे. इथल्या कोरकू आदिवासींच्या घरांना झडीच्या बाजूला काही ना काही आडोसा असतोच, ही युक्ती काही माझी नाही.

दगड आपल्याकडे फुकट मिळाल्यासारखा आहे, सगळा डोंगरच काळ्या दगडाचा. पण दगडी भिंत म्हणजे दगडाचा ढीग नव्हे, आणि इथं मी थोडी कडक होते. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात जी घरं बसली, त्यांच्या जाड भिंतींना आतून आणि बाहेरून असे दोन थर होते, मधे माती आणि चिपा, दोन्ही थरांना बांधणारं काही नाही. हादरा बसला तशी भिंत उभी उकलली आणि वरचं जड माळवद खाली आलं. म्हणून दीड फुटी भिंतीत आरपार जाणारा लांब दगड, ज्याला साइटवर आम्ही हेडर म्हणतो, तो उंचीत दर २ फुटांनी आणि लांबीत दर ४ फुटांनी बसलाच पाहिजे. मिस्त्रींना सांगायचं की हेडरच्या दोन्ही तोंडांना चुन्याची खूण करा आणि आतून-बाहेरून मोजायचं. खुणा जुळल्या नाहीत तर तेवढी भिंत उतरवायची. जोत्यावर आणि खिडक्यांच्या वर सळईचा काँक्रीट पट्टा सलग फिरवायचा; दर्शनी बाजूला तो दोन इंच आत घेतला की दगडात दिसत नाही. दहा फूट लांब, नऊ फूट उंच भिंत दहा टनांच्या आसपास भरते, तेव्हा ती खोदलेल्या कातळावरच उभी करा. उतारावर कापलेली माती पुढे ओढून केलेल्या भरावावर तर मुळीच नको. त्या भरावावर बाग करा.

आणखी एक. पश्चिमेची भिंत उघड्या काळ्या दगडाची केली तर उन्हाळ्यात ती रात्री दहापर्यंत खोलीत गरमी सोडत बसते. दगडाचा दिमाख आतल्या बाजूला, शेकोटीजवळ दाखवा. दरजा भरताना सिमेंट दगडावर पसरू देऊ नका, अर्धा इंच आत दाबून घ्या. नाहीतर महागाचा दगड जिराफासारखा दिसतो.

लाकडात मी बापाचं ऐकते. सागवान घ्यायचं तर सरकारी डेपोतल्या लिलावाचं, लठ्ठ्यावर हातोड्याचा मार्का आणि सोबत वाहतूक पास पाहून. पांढरा कच्चा भाग चौकटीत येऊ द्यायचा नाही, उधई तिथूनच सुरुवात करते. बाहेरच्या लाकडाला चकचकीत पॉलिश नको, दोन पावसाळ्यांत पापुद्रे सुटतात. तेल पाजा आणि त्याला करडं होऊ द्या. बांबू छताला आणि ओसरीला: भरीव मानवेल, तीन वर्षांच्या वरचा, पावसाळा उलटल्यावर तोडलेला, बोरॅक्स-बोरिकच्या पाण्यात मुरवलेला. मेळघाटातल्या लवाद्याच्या संपूर्ण बांबू केंद्रात जाऊन एकदा काम पाहून या, बांबूबद्दलचे अर्धे गैरसमज तिथंच जातील.

शेकोटीचा धडा मी स्वतःच्या चुकीतून घेतला. एका घरात तोंड ३ बाय अडीच फूट ठेवलं आणि वर धुराड्याला सहा इंची पाइप. गृहप्रवेशाच्या रात्री पाहुणे अंगणात आणि धूर दिवाणखान्यात. धुराड्याचं क्षेत्रफळ तोंडाच्या साधारण दहावा हिस्सा हवं. तेवढ्या तोंडाला १२ बाय ९ इंच लागतं. मी दिलं होतं त्याच्या चौथाईच. धुराड्याचा शेंडा छपराला जिथं भेदतो तिथून किमान ३ फूट वर न्या. दगडी भिंत फोडून हे दुरुस्त करायला माझा महिना आणि माझेच पैसे गेले.

छपराला कवेलूच शोभतं. इंग्रजी कवेलू, म्हणजे मंगलोरी कौल, घ्या, उतार ३० अंशांच्या खाली नको, धुक्याच्या दिवसांत पाणी सांध्यातून मागे चढतं. अडचण वेगळीच असते. पहिल्या घराला मी कवेलू थेट पट्ट्यांवर टाकली होती आणि मालकाला वचन दिलं होतं की मोठ्या झाडापासून छप्पर दहा फूट लांब आहे. मिस्त्री हसले. "वानेर काय तुमचा नकाशा पाहून उडी मारते का, ताई?" आठवड्यात तीस कवेलू फुटली. आता आधी सागवानी फळ्या, त्यावर पाणी अडवणारा कागद, मग उभ्या-आडव्या पट्ट्या आणि वर कवेलू. एखादं फुटलं तरी गळत नाही आणि फळ्यांमुळे आतून छत सुंदर दिसतं. शे-दोनशे कवेलू मागच्या खोलीत जादा ठेवायची, हे बिलातच धरा.

जुलै-ऑगस्टमध्ये घर आठ-आठ दिवस धुक्यात बुडालेलं असतं. कपाटं बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, मागे दोन इंच हवा सोडा, दाराला फुगायला जागा ठेवा. जिप्समचं नक्षीदार छत वर करूच नका. मी एक केलंय, त्याच्यावर दर श्रावणात बुरशीचा नकाशा उमटतो.

दगडकाम दिवाळीनंतर काढा, छप्पर मृगाच्या आत झाकलं गेलं पाहिजे. लाकूड मात्र पायाच्या आधी घेऊन सावलीत रचून ठेवा, एक इंच जाडीला वर्षभर लागतं वाळायला. डॉक्टरांचा लठ्ठा आमच्या वखारीत गेल्या मार्गशीर्षापासून पडून आहे आणि ते अजून दर रविवारी फोन करून विचारतात, कटाई कधी?