राग आला की उशी बडवू नका
उशीवर बुक्के मारा, मोकळं व्हा असं बरेच जण सांगतात पण त्याने राग उतरत नाही, उलट अंग अजून तापतं. त्यापेक्षा श्वास सोडायचा वेळ वाढवा, म्हणजे ४ अंक मोजत नाकाने आत आणि ६-७ मोजत हळूहळू बाहेर, दोनतीन मिनिटं, ठोके खरंच कमी होतात. आणि घरी आल्या आल्या पोरांचे मार्क किंवा लाईटबिलाचा विषय काढूच नका, लोकलला लटकून आलेल्या माणसाचं अर्धं डोकं भुकेनेच फिरलेलं असतं (माझं तर नक्कीच), आधी चहा आणि काहीतरी खायला द्या, मग बोला. व्हॉट्सॲपवर चिडून टाईप केलेलं उत्तर ग्रुपवर टाकण्याआधी स्वतःच्याच चॅटवर पाठवा आणि सकाळी वाचून बघा.