भारतात घेतलेला लॅपटॉप आणि जर्मनीतली वॉरंटी

दर वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस पुणे, सांगली, नाशिक, नागपूर अशा ठिकाणांहून विद्यार्थी स्टुटगार्टला येतात आणि त्यांच्यापैकी बहुतेकांच्या पाठीवरच्या बॅगेत निघण्याच्या महिनाभर आधी घेतलेला नवा कोरा लॅपटॉप असतो. तीन वर्षांची वॉरंटी आहे, असे ते निर्धास्तपणे सांगतात. मी येथे चौदा वर्षे राहत आहे आणि त्या काळात यांतल्या अनेकांना दुरुस्तीसाठी मदत केली आहे. त्या अनुभवावरून सांगते की वॉरंटी लॅपटॉपबरोबर आपोआप सीमा ओलांडत नाही. ती ज्या देशात विक्री झाली त्या देशाशी बांधलेली असते आणि तेथून ती सोडवून आणण्याचे काम आपल्यालाच करावे लागते. हे काम घरून निघण्यापूर्वी अर्ध्या तासात होते. तेच येथे आल्यावर, लॅपटॉप बंद पडलेला असताना, तीन-चार आठवडे खाते.

प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी आहे. डेलच्या लॅपटॉपच्या तळाशी सात अक्षर-अंकांचा सर्व्हिस टॅग छापलेला असतो आणि त्या टॅगची नोंद एका देशातून दुसऱ्या देशात हलवण्याचा अर्ज कंपनीच्या संकेतस्थळावर करता येतो. लेनोवोची आंतरराष्ट्रीय वॉरंटी सेवा थिंकपॅडसारख्या व्यावसायिक मालिकांना बहुधा लागू असते, घरगुती मॉडेलांना मात्र ती असेलच असे नाही. अनुक्रमांक संकेतस्थळावर टाकून ते तपासावे. एसरने प्रवाशांसाठीची वॉरंटी म्हणून वेगळी तरतूद ठेवली आहे. कंपनी कोणतीही असो, लॅपटॉप विकत घेतानाच दुकानदाराला नव्हे, तर कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल करून विचारावे: हा अनुक्रमांक जर्मनीत दुरुस्त होईल का, कोणत्या अटींवर, आणि किती काळ? उत्तर लेखी मागावे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानात काउंटरवर मिळालेले ‘जगभर चालते’ हे तोंडी आश्वासन येथल्या सेवा केंद्रात कोणी विचारात घेत नाही.

आंतरराष्ट्रीय वॉरंटी मिळाली तरी तिच्यात काय बसते हे वाचून घ्यावे लागते. भारतात तंत्रज्ञ घरी येण्याची सोय ज्यांनी विकत घेतली आहे, त्यांना परदेशात अनेकदा फक्त लॅपटॉप पेटीत घालून केंद्राकडे पाठवण्याची सोय मिळते. पडणे, पाणी सांडणे अशा अपघाती नुकसानीचे जादा संरक्षण बहुधा विक्रीच्या देशापुरतेच असते, त्यामुळे परदेशी निघालेल्या माणसाने त्यासाठी पैसे मोजण्यापूर्वी दोनदा विचार करावा. बॅटरीची मुदतही पुष्कळदा वेगळी, म्हणजे लॅपटॉपला तीन वर्षे असली तरी बॅटरीला एकच वर्ष, अशी असते.

कागदपत्रांपैकी सर्वांत मोलाचे म्हणजे जीएसटीचे पक्के बिल. त्यावर खरेदीची तारीख, विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक आणि लॅपटॉपचा अनुक्रमांक हे तिन्ही असले पाहिजेत. अनुक्रमांक नसेल तर दुकानदाराकडून बिल पुन्हा करून घ्यावे. थर्मल कागदावरचे बिल वर्षभरात पुसट होते, म्हणून त्याची प्रत स्कॅन करून ठेवावी. लॅपटॉपच्या तळाच्या स्टिकरचा स्वच्छ फोटोही काढावा, कारण दुरुस्तीत तळाचे झाकणच बदलले गेले तर तो स्टिकर झाकणाबरोबर जातो. कंपनीच्या खात्यावर भारतातला मोबाइल क्रमांक नोंदवला असेल तर ईमेलही जोडून ठेवावा. येथे आल्यावर ते सिम रिचार्जअभावी बंद पडते, ओटीपी त्यावरच जात राहतो आणि स्वतःच्याच खात्यात शिरता येत नाही. भारतातले १८०० ने सुरू होणारे टोल-फ्री क्रमांक बाहेरून बहुधा लागत नाहीत, त्यामुळे साधा दूरध्वनी क्रमांक टिपून आणावा. हिवाळ्यात जर्मनी भारताच्या साडेचार तास मागे असते. तिकडचे केंद्र संध्याकाळी सहाला बंद होते तेव्हा येथे दुपारचे दीड वाजलेले असतात, म्हणजे फोन सकाळीच करायला हवा.

माझ्या स्वतःच्या पहिल्या हिवाळ्यात, प्रबंधाचे काम भरात असताना, लॅपटॉपच्या कीबोर्डची एक ओळ मुकी झाली. कंपनीने देश बदलण्याचा अर्ज मंजूर करायला सतरा दिवस लावले आणि नंतर दुरुस्ती नि:शुल्क केली. पण लॅपटॉप परत आला तेव्हा त्याच्यावर जर्मन कीबोर्ड बसवलेला होता. झेड आणि वाय यांच्या जागा उलट, ॲट चिन्ह क्यूच्या डोक्यावर, आणि महिरपी कंस सात व शून्याच्या किल्ल्यांवर. मांडणी सॉफ्टवेअरमधून बदलता येते, परंतु किल्ल्यांवर छापलेली अक्षरे बदलत नाहीत, एंटरचा आकार उभा होतो आणि डाव्या शिफ्टशेजारी एक जादा किल्ली येऊन बसते. कोड लिहिणाऱ्यांची बोटे त्यामुळे कित्येक आठवडे चुकत राहतात. पुष्कळ मॉडेलांत कीबोर्ड वरच्या आवरणाला रिव्हेटने पक्का केलेला असतो, त्यामुळे तो एकटा काढून परत बदलता येत नाही. म्हणून तक्रार नोंदवतानाच ‘अमेरिकन इंग्रजी मांडणीचा कीबोर्ड हवा, तो उपलब्ध नसेल तर दुरुस्तीपूर्वी मला कळवावे’ असे लेखी घालावे. ते वाक्य मी तेव्हा घातले नव्हते.

लॅपटॉप पाठवण्याआधी विदा (डेटा) सांभाळणे हे तर टाळताच येणार नाही. केंद्रे डिस्क पुसून टाकण्याचा अधिकार राखून ठेवतात, म्हणून बॅकअप आपल्याजवळ हवाच. त्याहून कमी लोकांना ठाऊक असलेली गोष्ट म्हणजे बिटलॉकर, विंडोजमधली डिस्क कुलूपबंद करणारी सोय. अनेक विंडोज लॅपटॉपांत डिस्क पहिल्या दिवसापासून कुलूपबंद असते आणि त्या कुलपाची किल्ली मदरबोर्डवरच्या, म्हणजे लॅपटॉपच्या मुख्य सर्किट बोर्डावरच्या, चिपशी जोडलेली असते. मदरबोर्ड बदलला की यंत्र निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागते, आणि ती नसेल तर प्रबंध, फोटो, सगळे डोळ्यांसमोर असूनही हाती लागत नाही. ती की मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली आहे का ते पाहून कागदावर उतरवून ठेवावी. गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीची ती की तिच्या वडिलांच्या खात्यात निघाली, कारण लॅपटॉप दुकानात सुरू करताना त्यांचा ईमेल टाकला होता. सांगलीला फोन करून वडिलांकडून आठ गटांतले अंक एकेक करून लिहून घेतले, तेव्हा तिचा लॅपटॉप उघडला.

पार्सलची एक खास जर्मन अडचण आहे. येथे घरपोच सामान खोली क्रमांकावर नव्हे, तर घंटेवर आणि पत्रपेटीवर लिहिलेल्या आडनावावर येते. तुम्ही दुसऱ्याच्या घरात भाड्याने राहत असाल आणि पेटीवर तुमचे नाव नसेल, तर दुरुस्त झालेला लॅपटॉप ‘या नावाचे कोणी येथे राहत नाही’ म्हणून परत जातो. पेटीवर नाव लावावे, आणि तोपर्यंत पत्त्यात आपल्या नावाखाली ‘मार्फत’ (c/o) असे लिहून घरमालकाचे नाव घालावे.

लॅपटॉप दुरुस्तीसाठी भारतात पाठवावा असा सल्ला अनेक जण देतात. पण कुरिअरने तो परत येताना जर्मन कस्टम्स त्याला नवी आयात समजून १९ टक्के आयात-विक्रीकर मागू शकते आणि वस्तू मुळात आपलीच होती हे कागदांनी दाखवावे लागते. सुट्टीला घरी जाणार असाल तर स्वतः घेऊन जाणे सर्वांत सोपे. विमानात लॅपटॉप हातातल्या बॅगेत ठेवावा. १०० वॅट-तासांपर्यंतच्या बॅटरीला हरकत घेतली जात नाही. बॅटरी फुगली असेल तर मात्र लॅपटॉप विमानात नेऊ नये. ते नियमाविरुद्ध आहे आणि धोक्याचेही आहे.

येथेच लॅपटॉप घ्यायचा विचार असेल, तर दोन शब्दांतला फरक समजून घ्यावा. गारांटी म्हणजे निर्मात्याने स्वखुशीने दिलेली हमी. गेवेअरलाइस्टुंग म्हणजे विक्रेत्यावरची कायदेशीर जबाबदारी, आणि नव्या वस्तूवर ती दोन वर्षे असते. १ जानेवारी २०२२ पासून विकल्या गेलेल्या वस्तूंत पहिल्या बारा महिन्यांत दोष दिसला तर तो मुळातच होता असे कायदा धरून चालतो. तसे नव्हते हे विक्रेत्याने सिद्ध करायचे. दुकानदार ‘कंपनीकडे जा’ म्हणाला तरी त्याला ‘गेवेअरलाइस्टुंग’ हा शब्द शांतपणे ऐकवावा. भारतात घेतलेल्या लॅपटॉपला मात्र हे संरक्षण नाही, कारण विक्रेता येथल्या कायद्याच्या कक्षेत येत नाही. वॉरंटीबाहेरची दुरुस्ती येथे करायची असेल तर आधी कॉस्टनफोरआनश्लाग, म्हणजे खर्चाचा लेखी अंदाज मागावा आणि तो अंदाज देण्याचे वेगळे शुल्क आहे का तेही विचारावे.

लॅपटॉप परत आला की पेटी उघडताना फोटो काढावेत आणि पाठवण्याआधी काढलेल्या फोटोंशी ताडून पाहावेत. मदरबोर्ड बदलला असेल तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर, दिसणारा अनुक्रमांक बिलावरच्या क्रमांकाशी जुळतो का ते त्याच दिवशी तपासावे. नव्या बोर्डात तो तंत्रज्ञाने भरायचा असतो आणि कधी कधी ती जागा रिकामीच राहते. तसे आढळल्यास दुरुस्तीच्या पावतीचा क्रमांक देऊन केंद्राला लगेच कळवावे, म्हणजे पुढच्या बिघाडाच्या वेळी तुमचा लॅपटॉप त्यांच्या नोंदीत सापडेल.